कललेले अक्षर : मथळ्याच्या ठशाचा मराठी इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना राजे, लढाया आणि तह यांच्याकडे मन सहज वळते. आजचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. ज्या अक्षरांतून इतिहास आपल्यापर्यंत पोहोचतो, त्या अक्षरांपैकी एका विशिष्ट जातीच्या अक्षराचा हा इतिहास आहे. उजवीकडे कललेले, अंगाने जाड, आणि दुरून वाचले जावे एवढ्याचसाठी घडवलेले असे हे अक्षर. वृत्तपत्राचा मथळा, नाटकाची जाहिरात, दुकानाची पाटी, निवडणुकीच्या दिवसांत रंगवलेली भिंत, या ठिकाणी ते आपल्याला रोज भेटते. रोमन लिपीत या जातीला ‘इटालिक स्लॅब सेरिफ’ असे लांबलचक नाव आहे. आपल्या नागरीत तिला नाव नाही. परंतु नाव नसले तरी गरज होती, आणि ती गरज आपण कशी भागवली याची कथा ऐकण्यासारखी आहे.

या विषयासाठी मल्हारगंजाहून योग्य जागा सापडणे कठीण. होळकर घराण्यातील मल्हार या नावाची खूण वागवणारी ही वस्ती. येथे घरात मराठी, बाजारात हिंदी आणि दोन्हींसाठी एकच नागरी लिपी असा व्यवहार पिढ्यान्पिढ्या चालत आला. होळकरांच्या दफ्तरात मात्र आणखी एक लिपी होती, मोडी. माझे आजचे म्हणणे थोडक्यात सांगायचे तर असे, की रोमन लिपीने आपले तिरपे अक्षर जेथून घेतले, त्याच जागी मराठीत मोडी उभी होती. छापखान्याने ती दारातच थांबवली, आणि म्हणून आपल्याला उसन्या उतारावर काम भागवावे लागले. या विधानाचा पुरावा आपण क्रमाने पाहू.

दफ्तरातून आलेला उतार

युरोपात मुद्रणकला सुरू झाली ती उभ्या अक्षरांवर. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिस येथे आल्डस मानुशियस हा विद्वान प्रकाशक होता. त्याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने एक नवा ठसा कोरला आणि १५०१ मध्ये त्या ठशात महाकवी व्हर्जिलचे काव्य छापले गेले. अक्षरे किंचित कललेली, एकमेकांच्या निकट बसलेली आणि लेखणीच्या ओघाची आठवण करून देणारी होती. ही अक्षरे ग्रिफोने हवेतून काढली नव्हती. त्या काळी इटलीतील विद्वान आणि दरबारी लेखनिक भराभर लिहिताना जे वळण वापरीत, तेच त्याने धातूत उतरवले. घाईने लिहिणारा हात अक्षराला पुढे ढकलतो, टोके जोडतो, कोपरे गोलावतो. तिरपेपणा ही त्या घाईची खूण होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आरंभी हे तिरपे अक्षर शब्दावर जोर देण्यासाठी नव्हतेच. सबंध पुस्तक त्यात छापले जाई. उभ्या मजकुरात मधेच एखादा शब्द तिरपा करून त्याच्याकडे लक्ष वेधण्याची रीत नंतरच्या दशकांत रूढ झाली. म्हणजे एकाच लिपीची दोन वळणे, एक सावकाश आणि एक चपळ, एकाच पानावर शेजारी नांदू लागली. रोमन लिपीची ही मोठीच मिळकत ठरली.

जाड पट्टीच्या अक्षराचा जन्म याहून सुमारे तीनशे वर्षांनी झाला, आणि तो विद्वानांच्या घरी न होता बाजारात झाला. रोमन अक्षराच्या दांड्याला वर-खाली जी बारीक आडवी टोके असतात त्यांना सेरिफ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स याच्या ओतशाळेने ही टोके दांड्याइतकीच जाड केली. अक्षर जणू दगडी चौथऱ्यावर उभे राहिले. नेपोलियनच्या १७९८ च्या मोहिमेनंतर युरोपात इजिप्तचे कुतूहल पसरले होते. त्यामुळे या ठशांना पुढे ‘इजिप्शियन’ हेही नाव चिकटले. लॉटरी, आगगाड्या, जहाजे, नाटके, औषधे या सगळ्यांच्या जाहिराती आता भिंतींवर लागत होत्या आणि चालत्या माणसाला थांबवणारे अक्षर हवे होते. अमेरिकेत डॅरियस वेल्स याने १८२७ च्या सुमारास यंत्राने लाकडी अक्षरे कापण्याची युक्ती काढली. धातूला न पेलणारे हातभर उंचीचे अक्षर त्यामुळे स्वस्त झाले. १८४५ मध्ये लंडनच्याच रॉबर्ट बेझलीच्या ओतशाळेतून ‘क्लॅरेंडन’ हा ठसा बाहेर पडला. त्यातील पट्ट्या दांड्याला हलक्या वळणाने जोडलेल्या होत्या. शब्दकोशातील मूळ शब्द बारीक मजकुरात उठून दिसावा, या कामी तो विशेष उपयोगी पडला.

या जाड अक्षरांच्या तिरप्या आवृत्त्याही लवकरच निघाल्या, आणि तेथे कारागिराची कसोटी लागली. पायाखालची पट्टी आडवी राहते आणि तिच्यावरचा दांडा मात्र कलतो. सांधा नीट साधला तर अक्षर धावताना दिसते. न साधला तर कोसळताना. चौथरा आणि धाव या दोन परस्परविरोधी गोष्टी एका आकारात नांदवणे, हेच त्या ठशाचे मर्म होय. जाहिरातदारांना तो प्रिय झाला, कारण त्यात वजनही होते आणि घाईही.

खिळ्यांच्या पेटीत काय नव्हते

आता आपल्या घराकडे वळू. मराठी छपाईचा आरंभ महाराष्ट्राबाहेर, बंगालमध्ये श्रीरामपूर येथे झाला. विल्यम कॅरी याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये तेथे निघाले. १८१० मध्ये त्याने मराठीचा कोश छापला, आणि तो मोडी खिळ्यांत छापला. हा तपशील आज बहुधा विसरला गेला आहे, पण आपल्या विषयात तो कळीचा आहे. त्याकडे मी पुन्हा येईन.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम याने देवनागरी खिळे सुधारले आणि तेथे देशी कारागिरांची एक पिढी तयार झाली. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले आणि पुढे स्वतःचे खिळेही पाडले. त्याच परंपरेत जावजी दादाजी चौधरी (१८३९ ते १८९२) आले. लहानपणी मिशनच्या छापखान्यात अगदी तुटपुंज्या पगारावर उमेदवारी केलेल्या या माणसाने १८६४ मध्ये स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणूजी रावजी आरू यांच्यासारखा अव्वल कोरणारा त्यांना लाभला. निर्णयसागरचे वळण पुढे हिंदुस्थानभर नमुनेदार मानले गेले. आज हिंदीतही जो अ, जो झ आणि जो ण आपण पाहतो, तो मुंबईचा आहे. उत्तरेकडील जुने आकार त्यापुढे मागे पडले. इंदूरच्या हिंदी वाचकाच्या डोळ्यांत मुंबईच्या मराठी कारागिराचे अक्षर असे नकळत येऊन बसले आहे.

परंतु एवढ्या वैभवशाली पेटीत एक खण रिकामा होता. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्यात एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी असे. आपल्या इंदुरातही १८४९ मध्ये ‘मालवा अखबार’ हिंदी आणि उर्दू अशा दोन भाषांत निघाले. दोन लिपी शेजारी आल्या की त्यांची साधनसामग्री उघडी पडते. इंग्रजी खिळे जुळवणाऱ्याच्या हाताशी मोठी अक्षरे, लहान अक्षरे आणि तिरपी अक्षरे होती. एखादा शब्द वेगळा दाखवायचा तर तीन मार्ग होते. मराठी खिळे जुळवणाऱ्याकडे एकच अक्षर होते. फार तर ते मोठे करावे किंवा अवतरणचिन्हांत घालावे. पुढे ‘काळा टाइप’ आला, म्हणजे तेच अक्षर जाड केलेले. छापखान्यांत ‘पायका काळा’ किंवा ‘ग्रेट काळा’ असे म्हणण्याची पद्धत त्यातून पडली. तिरप्या टाइपाचे मात्र जमले नाही.

त्याचे एक कारण शुद्ध यांत्रिक होते. नागरी ही एका ओळीत तीन मजली लिपी आहे. मध्ये अक्षर, वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार, खाली उकार. मुंबईच्या ‘डिग्री’ पद्धतीत हे मजले निरनिराळ्या खिळ्यांनी रचले जात. अक्षराच्या डोक्यावर मात्रेचा वेगळा खिळा बसे. उभ्या अक्षरावर तो सरळ वर बसतो. अक्षर कलले की मात्रा उजवीकडे आणि उकार डावीकडे सरकला पाहिजे. चौकोनी खिळ्यांच्या जगात अशी सरक म्हणजे बाहेर लोंबणारा, दाबाखाली मोडणारा धातू. ‘अखंड’ पद्धतीत प्रत्येक संयोग एकाच खिळ्यावर असल्याने हे शक्य होते. पण तेथे शेकडो खिळे लागत, आणि तिरप्यासाठी पुन्हा तेवढेच शेकडो. कोणता ओतशाळावाला तो खर्च करील? उलट त्या काळातील सारी धडपड खिळ्यांची संख्या कमी करण्याची होती. लोकमान्य टिळकांनीही या प्रश्नात लक्ष घातले, आणि त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत खिळे सुमारे १९० पर्यंत खाली आणले गेले.

मोडी : न छापलेले इटालिक

दुसरे कारण यंत्राहून खोल आहे. तिरपे अक्षर कोरण्यापूर्वी त्याचा नमुना हातात असावा लागतो. ग्रिफोपुढे दरबारी लेखनिकांचे वळण होते. जावजी दादाजींच्या काळी मराठीपुढे काय होते? बाळबोध अक्षर हे पोथीचे, देवापुढचे, सावकाश लिहिण्याचे. घाईचे अक्षर मोडी. परंपरा तिचे जनकत्व हेमाडपंतांकडे देते. सरकारी दफ्तर, सावकारी, पत्रव्यवहार, जमाखर्च हे सारे तिच्यात चाले. आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरे गुंफत जायची. त्यासाठी ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा सोडून दिला होता. चिटणिशी, रानडी अशी तिची वळणे नावाजलेली होती.

व्हेनिसशी ताडून पाहा. तेथे सावकाश आणि चपळ अशी एकाच समाजाची दोन वळणे होती, येथेही होती. तेथे चपळ वळण दफ्तरातून आले; येथेही ते दफ्तरातच होते. फरक पडला तो छापखान्याच्या उंबरठ्यावर. कॅरीने १८१० मध्ये मोडी धातूत उतरवली खरी, पण मोल्सवर्थचा मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला तो बाळबोधीत. एकमेकांत गुंतलेली मोडी अक्षरे सुट्या खिळ्यांत पाडणे अवघड, वाचनात संदिग्धता, आणि शाळाखात्याला हवी होती एकसारखी, स्पष्ट लिपी. ही कारणे त्या काळाच्या दृष्टीने रास्त होती. पुढे मोडी छापली गेली ती मुख्यतः शिळाछापावर, शाळांच्या मोडी वाचनाच्या पुस्तकांतून. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तीही बंद पडली.

या निर्णयाचे मोल इतिहासाच्या विद्यार्थ्याला रोज मोजावे लागते. द. ब. पारसनीसांनी प्रसिद्ध केलेली ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ आपण छापील बाळबोधीत वाचतो. मूळ कागद हाती घेतला तर घाईत लिहिलेले, दाटीवाटीचे, लांबवर ओढलेले अक्षर दिसते. बातमी पाठवणाऱ्याचा श्वास त्यात ऐकू येतो. छापील पानावर ते सगळे एका सरळ रांगेत उभे केलेले असते.

यावर कोणी आक्षेप घेईल की मोडी ही स्वतंत्र लिपी आहे, तिला नागरीचे तिरपे रूप कसे म्हणावे? आक्षेप वजनदार आहे. संगणकाच्या युनिकोड या जागतिक संकेतसंचानेही २०१४ मधील ७.० या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र घर दिले. मात्र माझा दावा आकारापुरता नाही, उपयोगापुरता आहे. जुन्या शाळेतला मुलगा दोन्ही वळणे गिरवी आणि कोणते कोठे वापरायचे हे त्याला सांगावे लागत नसे. एका भाषेची सावकाश आणि चपळ अशी दोन वळणे एका पानावर आणण्याची शक्यता मराठीत होती. ती आजमावली गेली नाही, एवढेच मी म्हणतो.

बोरूचे गणित

आता थोडे गणित. शाळेच्या सभागृहात ते क्षम्य ठरावे. रोमन अक्षर पायावर उभे असते, नागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. रोमन ठशात जी जाड पट्टी पायाखाली घालावी लागली, ती आपल्याकडे जन्मापासून डोक्यावर आहे. त्या अर्थाने प्रत्येक जाड नागरी मथळा हा स्लॅबचाच मथळा आहे. परंतु उभा माणूस पुढे झुकला की तो चालू लागला असे वाटते, आणि दोरीवर टांगलेले धोतर एका बाजूला गेले की वारा सुटला असे वाटते. नागरी अक्षर कलते करताना पहिली अडचण हीच. शिरोरेषा स्थिर, आणि तिच्याखाली सारे पाय डावीकडे सरकलेले.

दुसरी गोष्ट लेखणीची. रोमन सुलेखनातील रुंद टोकाची लेखणी साधारणतः अशी धरतात की तिच्या टोकाची रेषा डावीकडून उजवीकडे वर चढते. नागरीसाठी बोरूचे टोक उलट्या अंगाने तिरपे कापतात. त्याची रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते. परिणाम मोठा गमतीचा आहे. रोमन दांडा उजवीकडे कलला की तो लेखणीच्या टोकाच्या दिशेला जवळ येतो आणि बारीक होतो. नागरीतला काना उजवीकडे कलला की तो टोकाच्या दिशेपासून दूर जातो आणि जाड होतो. टोकाचा कोन रोमनसाठी ३० आणि नागरीसाठी ४५ अंश धरला, आणि अक्षराला १२ अंश उतार दिला, तर रोमन दांडा सुमारे १४ टक्के बारीक होतो आणि नागरी काना सुमारे १९ टक्के जाड होतो. शिरोरेषा आडवीच राहिल्याने तिची जाडी बदलत नाही.

याचा अर्थ असा, की बोरूने लिहिलेले तिरपे नागरी अक्षर स्वभावतःच भारदस्त होते. रोमन इटालिक मजकुरात कुजबुजते. नागरी तिरपे अक्षर हाक मारते. म्हणून ते मजकुरापेक्षा मथळ्याला अधिक शोभते. खिळ्यांच्या पेटीत त्याला जागा मिळाली नाही, परंतु हाताने रंगवणाऱ्यांच्या कुंचल्यात ते सुखाने नांदले, त्याचे एक कारण मला येथे दिसते.

कुंचला आणि पाटी

इंदूरचा या कथेत दुहेरी वाटा आहे. पहिला सभामंडपातला. १९३५ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनाचे चोविसावे अधिवेशन याच शहरात भरले आणि तेथून नागरी लिपी सुधारणेच्या समितीचे काम सुरू झाले. काकासाहेब कालेलकर तिच्या अग्रभागी होते. महाराष्ट्रात सावरकरांची ‘अ’ची बाराखडी याच सुमारास चर्चेत होती. टंकयंत्र आणि छपाई यांना लिपी सोयीची व्हावी हा या सर्वांचा हेतू होता, आणि म्हणून भर होता तो संख्येवर : किती खिळे, किती कळा. १९५३ च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेण्याचे ठरवले; काही वर्षांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. यंत्राची सोय म्हणून लिपी वाकवता येते, पण वाचकाचा डोळा वाकत नाही, हा धडा त्यातून घ्यावा.

दुसरा वाटा चित्रशाळेतला. दत्तात्रेय दामोदर देवळालीकरांच्या हाताखाली इंदुरात चित्रकारांची एक पिढी घडली. नारायण श्रीधर बेंद्रे येथलेच. मकबूल फिदा हुसेन यांचे बालपण येथे गेले आणि आरंभीचे धडेही येथेच मिळाले. पुढे मुंबईत १९३० च्या दशकात त्यांनी पोटासाठी सिनेमाचे फलक रंगवले. त्या काळी चित्र आणि अक्षर यांच्यात आजच्यासारखी भिंत नव्हती. फलक रंगवणाऱ्याला नायिकेचा चेहरा आणि चित्रपटाचे नाव दोन्ही यावे लागे. नाव तिरपे, जाड, सावली पाडून काढले की ते फलकाबाहेर झेपावे.

मुंबईत कमल शेडगे (१९३५ ते २०२०) यांनी हेच काम वृत्तपत्राच्या पानावर आणले. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील त्यांची शीर्षके नाटकाचा स्वभाव सांगत. ज्याला छापखान्याने खिळा दिला नाही, त्या अक्षराला शेडग्यांच्या पिढीने ब्लॉकच्या, म्हणजे चित्राच्या मार्गाने छापील पानावर आणले. अच्युत पालव यांनी १९८० च्या दशकात मोडीच्या जुन्या कागदांचा अभ्यास केला आणि मोडीची गती नागरीच्या अंगात भरून मुक्त वळणाची अक्षरे लिहिली. माझ्या दृष्टीने हे मराठी इटालिकचे उशिरा झालेले बारसे होय. जे १८३१ मध्ये धातूला साधले नाही, ते दीडशे वर्षांनी कुंचल्याने साधले.

आपल्या बाजारांतील हाताने रंगवलेल्या पाट्या या परंपरेच्या विनानावाच्या शाखा आहेत. राजवाड्याकडून मल्हारगंजाकडे येताना दुकानाचे नाव सरळ, मालाचे नाव तिरपे आणि मालकाचे नाव लहान, अशी विभागणी जुन्या पाट्यांवर दिसत असे. तिरप्याने माल हाक मारी, सरळ अक्षराने दुकान पत सांगे. रंगाऱ्याला इटालिक हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कोणत्या शब्दाने चालायचे आणि कोणत्या शब्दाने उभे राहायचे हे त्याला ठाऊक होते. ‘मल्हारगंज’ या नावातच ‘ल’ आहे. तो मराठी पाकळीचा काढला की हिंदी दांड्याचा, यावरून रंगाऱ्याची शाळा ओळखता यावी. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श यांना प्रमाण मानले. आपल्या शहरात ही दोन्ही रूपे शेजारी-शेजारी राहत आली.

यंत्राचा उतार

प्रकाशाक्षरजुळणी आणि मग संगणक आला, तेव्हा खिळ्याची अडचण संपली. मात्रा कोठेही सरकू शकते, धातू मोडत नाही. आता तरी नागरीला स्वतःचे तिरपे अक्षर मिळायला हवे होते. मिळाला तो एक कळीचा दाब. उभे अक्षर घेऊन संगणक त्याला पत्त्यांच्या जुडीसारखे एका बाजूला सरकवतो. रा. कृ. जोशी (१९३६ ते २००८) यांच्यासारख्या थोर अक्षरतज्ज्ञाने घडवलेला ‘मंगल’ हा टाइप विंडोज २००० बरोबर घरोघरी गेला. त्याला तिरपे रूप नव्हते. तरीही ती कळ दाबली की तो तिरपा होतो.

मघाचे गणित येथे पुन्हा लावून पाहा. अशा सरकवण्यात आडव्या शिरोरेषेची जाडी तेवढीच राहते आणि काना १२ अंशांच्या उतारात सुमारे दोन टक्के बारीक होतो. बोरू त्याच उतारात त्याला १९ टक्के जाड करतो. शिवाय गाठी, वाटोळे आणि वेलांट्यांच्या कमानी सगळ्या एकाच दिशेने ओढल्या जाऊन पिचतात. डोक्यावर जड पट्टी आणि खाली क्षीण पाय, असे ते अक्षर दिसते. आपल्याला ते खटकते, पण का खटकते हे सांगता येत नाही. हाताने दिलेल्या उताराने अक्षर चालते, यंत्राने दिलेल्या उताराने ते घसरते.

फ्लेक्सच्या फलकांनी गेल्या पंचवीस वर्षांत रंगवलेल्या पाट्यांची जागा घेतली. फ्लेक्स स्वस्त आहे, दुकानदाराला दोष देता येणार नाही. रंगाऱ्याचा रोजगार गेला ही हानी तर उघडच आहे. त्याच्यासोबत अक्षराबद्दलचा एक निर्णयही गेला, याची नोंद मात्र कोणी केली नाही. पूर्वी उतार किती द्यायचा हे प्रत्येक पाटीपुढे उभे राहून एक माणूस ठरवी. आता ते एका सूत्रात आधीच ठरलेले असते.

चित्र अगदी निराशेचे नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मोदक’सारखा अतिशय जाड आणि डौलदार नागरी ठसा सर्वांना मोफत उपलब्ध करून दिला. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हा हस्ताक्षराच्या वळणाचा, चांगलाच कललेला ठसा आहे, आणि त्याचा उतार लिहिण्यातून आलेला असल्याने तो घसरत नाही. वजन एका ठिकाणी सापडले, धाव दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही एका अंगात आणणारा, मोडीच्या गतीचा आणि शिरोरेषेच्या चौथऱ्याचा मथळ्याचा ठसा घडवणे हे काम आजच्या तरुणांच्या आवाक्यात आहे. त्यासाठी ओतशाळा लागत नाही, भांडवलही फारसे लागत नाही. नमुने मात्र लागतात.

आणि नमुने येथेच आहेत. होळकरकालीन मोडी कागद अभिलेखागारांत आहेत आणि जुन्या घराण्यांच्या पेट्यांतही असतील. रंगवलेल्या पाट्या अजून काही भिंतींवर आहेत; दर पावसाळ्यात आणि दर दिवाळीच्या रंगकामात त्या कमी होतात. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या घरातील मोडी कागद वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढावीत, आणि आपल्या दुकानाची जुनी पाटी उतरवण्यापूर्वी तिचेही एक चित्र काढून शाळेकडे द्यावे. शिक्षकांना विनंती अशी की वर्षातून चार तास तरी मुलांच्या हाती तिरपा कापलेला बोरू द्यावा आणि एकच शब्द त्यांच्याकडून दोनदा लिहून घ्यावा, एकदा उभा आणि एकदा कलता. काना कोठे जाड झाला हे मुलाला आपल्या डोळ्यांनी दिसेल. तेवढे एकदा दिसले, की पुढे संगणकावर ती कळ दाबताना त्याचा हात क्षणभर थांबेल, आणि आपल्या लिपीचा प्रश्न त्या क्षणी त्याचा स्वतःचा होईल.